एचडीआर व्हिडिओ टीव्हीवर हिरवा, पांढुरका किंवा काळपट दिसतो तेव्हा: काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं

एचडीआर म्हणजे नेहमीच्या एसडीआर चित्रापेक्षा जास्त उजेड आणि जास्त रंग साठवणारा व्हिडिओ; एचडीआर१० हा त्याचा साधा प्रकार, डॉल्बी व्हिजन हा दर फ्रेमची वेगळी माहिती सोबत नेणारा. प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात तीन पडदे आहेत: हॉलमध्ये सॅमसंगचा ४के टीव्ही, बेडरूममध्ये डॉल्बी व्हिजन चालणारा टीव्ही आणि त्याला जोडलेला अ‍ॅपल टीव्ही ४के, आणि गावी आईवडिलांकडे जुना फुल एचडी टीव्ही. फायलीही तीन प्रकारच्या आहेत. एडिटरने पाठवलेली शॉर्टफिल्मची डॉल्बी व्हिजन फाइल हॉलमध्ये हिरवी-जांभळी दिसते. घरच्या ४के ब्ल्यू-रे डिस्कवरून काढलेली एमकेव्ही फाइल बेडरूममध्ये नुसती एचडीआर१० म्हणून चालते, डॉल्बी व्हिजन लागतच नाही. आणि आयफोनवर काढलेल्या लग्नाच्या क्लिपा गावच्या टीव्हीवर एक तर चालत नाहीत किंवा धुतल्यासारख्या दिसतात. सगळ्या फायली एकाच कन्व्हर्टरमधून काढल्या तर चालेल का, असं विचारलं आहे.

चालणार नाही. या तिन्ही फायलींचे आजार वेगळे आहेत. एकीत चित्रातले पिक्सेल बदलावे लागतात, दुसरीत फक्त सोबतची माहिती बदलावी लागते, आणि तिसरीत काय करायचं ते फाइल कुठे चालवायची यावर ठरतं. पिक्सेल बदलणं म्हणजे पुन्हा एन्कोड करणं. त्यात वेळ जातो, दर्जाही थोडा जातो. म्हणून माहिती बदलून काम होत असेल तिथे पिक्सेलला हात लावू नये. हे एवढं पाळलं तरी निम्मे घोळ टळतात.

आधी फाइल ओळखा

मीडियाइन्फो (फाइलची माहिती दाखवणारं साधन) उघडा आणि 'एचडीआर फॉरमॅट' ही ओळ वाचा. एफएफप्रोब (कमांड लाइनवरचं तसंच साधन) वापरत असाल तर चार गोष्टी बघा: ट्रान्सफर (आकड्याचा उजेड कसा करायचा तो वक्र), प्रायमरीज (रंगांची व्याप्ती), डॉल्बी व्हिजनचा प्रोफाइल क्रमांक, आणि त्याच्या खाली येणारा बेस लेयरचा (मूळ चित्राच्या थराचा) कंपॅटिबिलिटी आयडी.

ट्रान्सफर 'एसएमपीटीई २०८४' असेल तर चित्र पीक्यू वक्रावर आहे. एचडीआर१०, एचडीआर१०+ आणि बहुतेक डॉल्बी व्हिजन यात येतात. पीक्यूमध्ये प्रत्येक आकड्याला ठरलेला उजेड आहे, वरची मर्यादा १०,००० निट्स (निट हे उजेडाचं एकक). 'एआरआयबी बी६७' दिसलं तर ते एचएलजी, म्हणजे बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने प्रक्षेपणासाठी बनवलेला वक्र. त्यात उजेडाचा आकडा ठरलेला नसतो, पडद्याच्या ताकदीप्रमाणे चित्र उलगडतं.

डॉल्बी व्हिजनचे चार प्रकार घरगुती कामात भेटतात. प्रोफाइल ५ मध्ये एकच थर असतो, पण त्यातले रंग नेहमीच्या वायसीबीसीआर पद्धतीत नसून डॉल्बीच्या आयपीटी पद्धतीत साठवलेले असतात. कंपॅटिबिलिटी आयडी ०, म्हणजे डॉल्बी व्हिजन न समजणाऱ्या यंत्रासाठी यात काहीही नाही. प्रोफाइल ७ हा ४के ब्ल्यू-रे डिस्कवरचा प्रकार: खाली पूर्ण एचडीआर१० चा बेस लेयर, वर एन्हान्समेंट लेयर आणि दर फ्रेमची माहिती देणारा आरपीयू. आयडी ६. प्रोफाइल ८.१ मध्ये एचडीआर१० बेस आणि आरपीयू, आयडी १. प्रोफाइल ८.४ मध्ये एचएलजी बेस आणि आरपीयू, आयडी ४. आयफोन १२ पासूनचे फोन एचडीआरमध्ये हाच शेवटचा प्रकार रेकॉर्ड करतात.

आरपीयू म्हणजे प्रत्येक फ्रेमसोबत जाणारी चिठ्ठी: या फ्रेममध्ये सर्वात उजळ भाग किती, सरासरी किती, कमी उजेडाच्या पडद्यावर कसं उतरवायचं. एचईव्हीसी (४के व्हिडिओचं नेहमीचं एन्कोडिंग) प्रवाहात ती ६२ क्रमांकाच्या एनएएल युनिटमध्ये (प्रवाहाच्या तुकड्यात) बसते, आणि प्रोफाइल ७ चा वरचा थर एकाच ट्रॅकमध्ये असेल तर तो ६३ मध्ये. साध्या डिकोडरला हे क्रमांक माहीत नसतात, म्हणून तो ते गाळून पुढे जातो. त्यामुळेच ८.१ ची फाइल डॉल्बी नसलेल्या टीव्हीवरही व्यवस्थित एचडीआर१० म्हणून चालते.

डोळ्यांनीही निदान होतं. हिरवं-जांभळं चित्र म्हणजे प्रोफाइल ५ ची चिठ्ठी न वाचता पिक्सेल दाखवले जात आहेत. राखाडी, सपाट, रंग पडलेलं चित्र म्हणजे पीक्यूचे किंवा एचएलजीचे पिक्सेल साध्या बीटी ७०९ चे (नेहमीच्या एसडीआर टीव्हीच्या मानकाचे) समजून दाखवले जात आहेत. उलट, चित्र भगभगीत, सावल्या बुडालेल्या आणि चेहरे भडक असतील तर पिक्सेल एसडीआरचे आहेत आणि फाइलवर लेबल पीक्यूचं राहून गेलं आहे. हा तिसरा प्रकार जवळजवळ नेहमी अर्धवट केलेल्या कन्व्हर्जनमधून येतो.

आणखी एक बघून ठेवा. तुमचा टीव्ही काय वाचतो ते खोक्यावर 'एचडीआर' छापलंय एवढ्यावरून कळत नाही. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन घेत नाहीत, एचडीआर१०+ घेतात. एलजीचं बरोबर उलट आहे. अ‍ॅपल टीव्ही ४के प्रोफाइल ५ आणि ८ घेतो, ७ घेत नाही. संगणकावरच बघायचं असेल तर बहुतेक वेळा कन्व्हर्ट करायची गरजच नसते: एमपीव्ही प्लेयरमध्ये व्हिडिओ आउटपुट 'जीपीयू-नेक्स्ट' ठेवलं की तो प्रोफाइल ५ सुद्धा नीट उलगडून एसडीआर मॉनिटरवर टोनमॅप करून (एचडीआरचा उजेड एसडीआरमध्ये बसवून) दाखवतो.

डिस्कची फाइल: फक्त माहिती बदलायची

हे तिन्हीतलं सर्वात सोपं आणि सर्वात फायद्याचं काम, कारण पिक्सेल जसेच्या तसे राहतात. प्रोफाइल ७ मधला वरचा थर काढून टाकायचा आणि आरपीयू ८.१ च्या साच्यात बसवायचा. यासाठी 'डोव्ही टूल' हे मोफत साधन आहे.

पण आधी त्याच साधनाची 'इन्फो' आज्ञा सारांशाच्या पर्यायासह चालवा. तिथे प्रोफाइल ७ पुढे एमईएल (किमान थर) किंवा एफईएल (पूर्ण थर) असं लिहून येतं. एमईएल असेल तर वरचा थर जवळपास रिकामाच असतो, तो टाकून काही गमावत नाही. एफईएल असेल तर त्यात खरा फरक साठवलेला असतो, जो १० बिटच्या बेसला १२ बिटपर्यंत नेतो. आणि काही डिस्कवर तो उजळ भागांची पातळीही बदलतो. तो टाकल्यावर चित्र बिघडत नाही, पण डिस्कवर होतं तेच पूर्ण चित्रही उरत नाही. अशा डिस्कची मूळ फाइल जपून ठेवा. एफईएल खरोखर उलगडणारी यंत्रं मोजकी आहेत. कोअरएलेक ही प्लेयर प्रणाली घातलेला उगूस एएम६बी प्लस हा त्यातला जाणकारांत प्रसिद्ध बॉक्स. एनव्हिडिया शील्ड टीव्ही प्रो प्रोफाइल ७ चालवतो, पण वरचा थर सोडून देतो.

काम असं करा. एफएफएमपेगने (कमांड लाइनवरचं व्हिडिओ साधन) एमकेव्हीमधला व्हिडिओ ट्रॅक 'कॉपी' करून कच्च्या एचईव्हीसी प्रवाहात काढा, आणि तो थेट पाइपने डोव्ही टूलकडे द्या, म्हणजे मधली एक ६० जीबीची फाइल वाचते. डोव्ही टूलला मोड २, आज्ञा 'कन्व्हर्ट' आणि सोबत 'डिस्कार्ड' द्या. मोड २ आरपीयूला ८.१ चं रूप देतो आणि एफईएलसाठीचं मॅपिंग काढून टाकतो. 'डिस्कार्ड' वरचा थर फेकतो. मोड ३ इथे वापरू नका, तो प्रोफाइल ५ साठी आहे. बाहेर आलेला प्रवाह एमकेव्हीटूलनिक्समध्ये मूळ फाइलच्या ऑडिओ आणि सबटायटलसोबत पुन्हा बांधा.

इथे हमखास चूक होते ती फ्रेमरेटची. कच्च्या एचईव्हीसीमध्ये वेळेच्या खुणा नसतात. आत वेळेची माहिती सापडली नाही तर साधन २५ फ्रेम प्रति सेकंद धरून चालतं. डिस्क बहुतेक वेळा २४०००/१००१ म्हणजे २३.९७६ ची असते. मग तासाभराचं चित्र साडेसत्तावन्न मिनिटांत संपतं आणि आवाज मागे राहतो. सुरुवातीच्या दोन मिनिटांत हे लक्षातही येत नाही. म्हणून ट्रॅकच्या डिफॉल्ट ड्युरेशनमध्ये २४०००/१००१ स्वतः लिहा आणि तयार फाइलची लांबी मूळ फाइलशी ताडून पाहा.

काही टीव्ही यूएसबीवरच्या एमकेव्हीमधलं डॉल्बी व्हिजन ओळखत नाहीत, पण तेच एमपी४ मध्ये दिलं की ओळखतात. प्रश्नातली फाइल बेडरूममध्ये नुसती एचडीआर१० चालते आहे, त्यामागे प्रोफाइल ७ हे एक कारण आणि डबा (एमकेव्ही किंवा एमपी४ हे फाइलचं वेष्टन) हे दुसरं असू शकतं. म्हणून ८.१ केल्यावरही टीव्हीवर डॉल्बीचं चिन्ह आलं नाही तर एमपी४ करून बघा. एफएफएमपेगने करताना दोन गोष्टी विसरू नका. 'स्ट्रिक्ट' हा पर्याय 'अनऑफिशियल' ठेवा, नाहीतर डॉल्बीची नोंद डब्यावर लिहिलीच जात नाही. आणि व्हिडिओचा टॅग 'एचव्हीसी१' द्या. एफएफएमपेग आपणहून 'एचईव्ही१' लावतो, आणि अ‍ॅपलची यंत्रं ती फाइल उघडत नाहीत.

एमपी४ ची अडचण आवाजाची आहे. डिस्कवरचा ट्रूएचडी ट्रॅक एमपी४ मध्ये बहुतेक टीव्हींना चालत नाही, डीटीएसही कित्येक टीव्ही घेत नाहीत. ई-एसी३ मध्ये ६४० केबीपीएस ५.१ ट्रॅक बनवून घाला. डिस्कवरची पीजीएस सबटायटल चित्ररूपात असतात, ती एमपी४ मध्ये जात नाहीत; एसआरटी करून जोडावी लागतात.

एकाच फाइलमध्ये डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ दोन्ही असतील तर काही प्लेयर गोंधळतात. डोव्ही टूलमध्ये एचडीआर१०+ गाळण्याचा पर्याय आहे, पण गरज पडली तरच वापरा. हॉलमधला सॅमसंग तोच भाग वाचतो.

शॉर्टफिल्मची प्रोफाइल ५ फाइल: इथे पिक्सेल बदलावेच लागतात

'डोव्ही टूलचा मोड ३ प्रोफाइल ५ चं ८.१ करतो' असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. तो फक्त चिठ्ठी बदलतो. आतले पिक्सेल आयपीटीतच राहतात. त्यामुळे मोड ३ करून फाइल सॅमसंगला दिली तरी चित्र हिरवं-जांभळंच दिसणार, आणि वर आता बेडरूमचा टीव्हीही फसणार, कारण चिठ्ठी म्हणते बेस एचडीआर१० आहे.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे एडिटरलाच सांगून ८.१ किंवा सरळ एचडीआर१० मध्ये पुन्हा एक्स्पोर्ट मागवणं. त्याच्याकडे मास्टर आहे, पाच मिनिटांचा निरोप आणि एक रेंडर, एवढंच. ते शक्य नसेल तर पुढचं करा.

एफएफएमपेगची अशी बांधणी घ्या ज्यात लिबप्लेसेबो फिल्टर आहे. तो व्हल्कनवर चालतो, म्हणून ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर ताजा हवा. हा फिल्टर आरपीयू वाचतो आणि त्याप्रमाणे पिक्सेल उलगडतो. आउटपुटसाठी कलरस्पेस बीटी २०२० एनसी, प्रायमरीज बीटी २०२०, ट्रान्सफर एसएमपीटीई २०८४ आणि फॉरमॅट १० बिट ४:२:० द्या. झेडस्केल आणि टोनमॅप ही नेहमीची जोडी इथे वापरू नका. ती आरपीयू वाचत नाही, मग हिरवा रंग पिक्सेलमध्येच कायमचा भाजला जातो.

एन्कोडसाठी एक्स२६५ (एचईव्हीसीचा एन्कोडर), १० बिट, प्रीसेट स्लो, सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) १६ ते १८. आणि आता एचडीआर१० ची स्थिर माहिती हाताने लिहायची: प्रायमरीज, ट्रान्सफर, मॅट्रिक्स, मास्टरिंग डिस्प्ले (ज्या मॉनिटरवर चित्र पक्कं केलं तो), मॅक्स सीएलएल (सर्वात उजळ पिक्सेल) आणि मॅक्स फॉल (फ्रेमचा सर्वाधिक सरासरी उजेड). मास्टरिंग डिस्प्लेमध्ये लोक आकड्यांची एककं चुकतात. रंगाचे निर्देशांक ०.००००२ च्या पटीत आणि उजेड ०.०००१ निटच्या पटीत लिहायचा असतो. पी३ रंगक्षेत्र आणि डी६५ पांढऱ्यावर केलेल्या मास्टरसाठी हिरवा १३२५०, ३४५००. निळा ७५००, ३०००. लाल ३४०००, १६०००. पांढरा १५६३५, १६४५०. १००० निट्सच्या मास्टरचा उजेड १०००००००, १ असा लिहायचा. तिथे कोणी सरळ १००० लिहिलं तर फाइल सांगते की मास्टर मॉनिटरची कमाल ०.१ निट होती. मग काही टीव्ही तो आकडा दुर्लक्षून चालतात आणि काही चित्राची पार वाट लावतात.

हे आकडे अंदाजाने भरू नका. डोव्ही टूलच्या सारांशात मास्टरिंग डिस्प्लेची कमाल-किमान, लेव्हल ६ ची (एचडीआर१० च्या स्थिर माहितीची) नोंद आणि फ्रेमनिहाय मोजलेला कमाल उजेड छापून येतो. तिथून घ्या. मॅक्स सीएलएल मिळतच नसेल तर ०, ० ठेवा. शून्याचा अर्थ 'माहीत नाही' असा आहे आणि टीव्ही मग स्वतःच्या अंदाजाने चालतो. खोटा ४००० लिहिला तर टीव्ही नसलेल्या झळाळीसाठी जागा राखून अख्खं चित्र काळपट करतो.

बेडरूमसाठी हीच नवी फाइल ८.१ करता येते. मूळ फाइलमधून मोड ३ ने आरपीयू काढा आणि नव्या एन्कोडमध्ये 'इंजेक्ट' करा. किंवा एक्स२६५ ला एन्कोड करतानाच आरपीयूची फाइल आणि प्रोफाइल ८.१ द्या. त्यासाठी व्हीबीव्हीचा (बिटरेटवरच्या मर्यादेचा) कमाल रेट आणि बफर दोन्ही ठरवून द्यावे लागतात, नाहीतर एक्स२६५ डॉल्बीचं काम नाकारतो.

आरपीयू घालताना फ्रेमची संख्या तंतोतंत जुळली पाहिजे. सुरुवातीच्या दहा फ्रेम कापल्या आणि आरपीयू तसाच ठेवला, तर साधन शेवटाकडची जास्तीची माहिती छाटून लांबी जुळवतं, पण सगळ्या चिठ्ठ्या दहा फ्रेम उशिरा पोचतात. अंधारातून उजेडात जाणाऱ्या प्रत्येक कटवर चित्र क्षणभर लुकलुकतं. ही लुकलुक दिसली की आधी फ्रेम मोजा.

काळ्या पट्ट्या कापायच्या असतील तर तेही लक्षात घ्या. २.४:१ चा सिनेमा ३८४० गुणिले २१६० मध्ये बसवला की वर-खाली २८० ओळींच्या पट्ट्या असतात, आणि आरपीयूच्या लेव्हल ५ मध्ये त्या नोंदवलेल्या असतात. चित्र १६०० ओळींचं करून ती नोंद तशीच ठेवली तर टीव्ही खऱ्या चित्राच्या २८० ओळींना पट्टी समजतो. डोव्ही टूलचा 'क्रॉप' पर्याय लावला की ही नोंद शून्य होते. तो चित्र कापत नाही, फक्त नोंद बदलतो. चित्र कापणं एन्कोडच्या वेळीच करायचं.

लग्नाच्या क्लिपा

आयफोनच्या क्लिपा प्रोफाइल ८.४ च्या, म्हणजे खाली एचएलजी आहे. सॅमसंग टीव्ही एचएलजी वाचतो, त्यामुळे हॉलसाठी बहुधा काहीच करावं लागणार नाही. डॉल्बीच्या नोंदीमुळे एखादा प्लेयर अडत असेल तर एफएफएमपेग ७.१ पासून 'डोव्ही आरपीयू' नावाचा बिटस्ट्रीम फिल्टर आहे. त्याला 'स्ट्रिप' सांगितलं की आरपीयू आणि डब्यावरची नोंद दोन्ही निघतात आणि शुद्ध एचएलजी उरतो. एन्कोड नाही, काही सेकंदांचं काम.

या क्लिपांवर कच्चा एचईव्हीसी काढण्याची डिस्कवाली पद्धत वापरू नका. फोनचा फ्रेमरेट स्थिर नसतो, प्रत्येक फ्रेमची वेळ डब्यात लिहिलेली असते. कच्चा प्रवाह काढला की ती वेळ गेली, आणि मंगलाष्टकांचा आवाज ओठांशी कधीच जुळणार नाही.

खरं काम गावच्या टीव्हीसाठी आहे. तिथे एसडीआर, फुल एचडी, ८ बिट एच.२६४ हवं. म्हणजे एचएलजीचं बीटी ७०९ मध्ये टोनमॅपिंग, आणि यात डोळ्यांना दिसणारे निर्णय घ्यावे लागतात, म्हणून थोडं सावकाश.

एचडीआरमध्ये कागदाचा किंवा पांढऱ्या सदऱ्याचा पांढरा कुठे बसवायचा हे बीटी २४०८ या अहवालात दिलं आहे: २०३ निट्स, म्हणजे पीक्यू सिग्नलचा सुमारे ५८ टक्के आणि एचएलजीचा ७५ टक्के. त्यावरची जागा झळाळीसाठी असते: समईची ज्योत, पैठणीच्या जरीवर पडलेला फोकस, दागिन्यांची चमक. एसडीआरमध्ये ती वरची जागा जवळपास नसतेच. मग एक तर झळाळी छाटायची, किंवा सगळं खाली दाबून तिला जागा करून द्यायची. छाटली तर जरीचा काठ सपाट पांढरा होतो आणि विणकाम नाहीसं होतं. फार दाबलं तर मांडवातले चेहरे मलूल दिसतात. चेहरे आधी, जर नंतर, या क्रमाने निवडा. घरचे लोक चेहरे बघायला बसतात.

लिबप्लेसेबो वापरत असाल तर टोनमॅपिंग बीटी २३९० ठेवा, कलरस्पेस, प्रायमरीज आणि ट्रान्सफर तिन्ही बीटी ७०९, फॉरमॅट ८ बिट ४:२:०. तो वक्र मधले रंग बरेचसे तसेच ठेवतो आणि वरचा भागच वाकवतो. ग्राफिक्स कार्ड साथ देत नसेल तर सीपीयूवरची जुनी साखळी आहे: झेडस्केलने ट्रान्सफर लिनिअर, एनपीएल (पांढऱ्याचा उजेड, निट्समध्ये) १००, मग ३२ बिट फ्लोट आरजीबी, मग प्रायमरीज बीटी ७०९, मग टोनमॅप, मग पुन्हा झेडस्केलने ट्रान्सफर आणि मॅट्रिक्स बीटी ७०९, रेंज टीव्ही, शेवटी ८ बिट ४:२:०. क्रम महत्त्वाचा आहे. लिनिअर केल्याशिवाय प्रायमरीज बदलल्या तर रंगांचं गणितच चुकतं.

सगळीकडे नमुन्यात 'हेबल' हा वक्र दिलेला असतो. तो झळाळी छान सांभाळतो, पण चित्र एकंदर गडद करतो. चेहऱ्यांसाठी 'मोबियस' बरा. टोनमॅपचं 'डिसॅट' आपणहून २ असतं, त्याने उजळ भागांतला रंग पांढऱ्याकडे जातो. जरीसाठी ते ० करून एकदा बघा. आणि 'पीक' हा पर्याय लक्षात ठेवा. फाइलमध्ये कमाल उजेडाचा आकडा फुगवलेला असेल तर टोनमॅप त्या आकड्यासाठी जागा राखतो आणि चित्र अंधारतं. पीक १० दिलं की १०० निट्सच्या दहापट, म्हणजे १००० निट्स धरले जातात.

हळदीचे प्रसंग वेगळे तपासा. भर उन्हातली ओली हळद हा बीटी ७०९ च्या काठावरचा रंग आहे. लाल वाहिनी कमाल गाठून थांबते आणि हिरवी वाढतच राहते, मग केशरट पिवळ्याचा लिंबासारखा पिवळा होतो. लिबप्लेसेबोमध्ये गॅमट मोड 'पर्सेप्च्युअल' ठेवला तर हे बरंच आवरतं. सीपीयूच्या साखळीत त्या क्लिपेपुरती सॅच्युरेशन थोडी कमी करणं हाच व्यवहारी उपाय.

एन्कोडसाठी एक्स२६४, सीआरएफ १८, प्रीसेट स्लो, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१, आकार १९२० गुणिले १०८०, फ्रेमरेट स्थिर ३०. आवाज एएसी १९२ केबीपीएस, डबा एमपी४. फॉरमॅट ८ बिट केलाय ना, हे दोनदा बघा. ते विसरलं आणि प्रोफाइलही लिहिला नसेल तर एक्स२६४ निमूटपणे हाय १० प्रोफाइलची फाइल बनवतो, संगणकावर ती झकास चालते आणि टीव्ही 'फॉरमॅट सपोर्टेड नाही' म्हणतो. कारण १० बिट एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर टीव्हींमध्ये जवळपास कुठेच नसतो. कमांड लाइन नको असेल तर हँडब्रेकमध्ये फिल्टरच्या पानावर कलरस्पेस बीटी ७०९ निवडा, तो टोनमॅप करतो. वक्रावर मात्र तिथे फारसा ताबा राहत नाही.

पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. टीव्ही एक्सएफएटी किंवा एनटीएफएस वाचतो का ते आधी बघा, नाहीतर क्लिपा तुकड्यांत द्या. फोनवर पाठवायच्या असतील तर हीच एसडीआर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे पुन्हा दाबली जात नाही. आणि पुढच्या कार्यक्रमात सगळ्यांना वाटायचेच व्हिडिओ असतील तर आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे जाऊन एचडीआर व्हिडिओ बंद करा. कोणतंही टोनमॅपिंग फोनने सुरुवातीलाच केलेल्या एसडीआर रेकॉर्डिंगइतकं सरळ नसतं.

रात्रभर एन्कोड लावण्याआधी

प्रत्येक फाइलचा ३० सेकंदांचा तुकडा काढा, ज्यात एक चेहरा, एक दिवा किंवा आकाश आणि एक अंधारा कोपरा असेल. तो पूर्ण प्रक्रियेतून काढून त्याच टीव्हीवर, त्याच यूएसबी किंवा बॉक्समधून बघा. संगणकाच्या मॉनिटरवर ठरवलेला एचडीआर टीव्हीवर वेगळाच दिसतो.

तयार तुकडा पुन्हा मीडियाइन्फोमध्ये उघडा. एसडीआर फाइलमध्ये 'एचडीआर फॉरमॅट', मास्टरिंग डिस्प्ले किंवा बीटी २०२० यांपैकी एकही ओळ उरली असेल तर लेबल मागे राहिलं आहे. एन्कोडरला तिन्ही बीटी ७०९ टॅग स्पष्ट लिहून द्या. एचडीआर१० फाइलमध्ये उलट, ट्रान्सफरची ओळ नसेल तर टीव्ही एचडीआर मोडमध्ये जाणारच नाही. यासाठी पुन्हा एन्कोड लागत नाही. एफएफएमपेगच्या 'एचईव्हीसी मेटाडेटा' बिटस्ट्रीम फिल्टरने प्रायमरीज ९, ट्रान्सफर १६, मॅट्रिक्स ९ असं लिहिता येतं. एचएलजी असेल तर ट्रान्सफर १८.

फाइल सगळीकडून बरोबर आहे आणि तरीही बॉक्समधून टीव्हीवर एचडीआर लागत नाही, तर टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट बघा. बऱ्याच टीव्हींवर पोर्टनिहाय एक स्विच असतो, सॅमसंगवर 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीवर 'डीप कलर', सोनीवर 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. ज्या पोर्टला बॉक्स जोडलाय त्याचा स्विच चालू असावा लागतो.